घट भरला, हे कोण सांगणार?

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेसाठी पुन्हा पुन्हा भरता येणारे चार पेन्सिल सेल आणि ते भरण्याचा एक चार्जर विकत आणला. ‘रात्रभर लावून ठेवायचे, बस!’ एवढीच सूचना दुकानदाराने दिली होती. सहामाही परीक्षा संपली. दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी कुणीतरी सेल चार्जरमध्ये घातले, बटण दाबले आणि प्रयोगशाळेला कुलूप लागले. सुट्टीनंतर दार उघडले तर चार्जरचा लाल दिवा तसाच तेवत होता. सेल हाताला चांगलेच गरम लागत होते. दोघांच्या टोकाशी पांढरी पूड जमली होती आणि त्यांचे वेष्टन सुरकुतले होते. त्यानंतर ते सेल अर्धा तासही टिकेनात. शिक्षकांच्या खोलीत निकाल लागला, की सेल बनावट होते. नववीतल्या एका मुलीने मात्र वेगळाच प्रश्न विचारला, “सर, सेल भरल्यावर चार्जरला कळत नाही का?”

प्रश्न साधा वाटतो, पण घट भरण्याचे शास्त्र गेली दोनशे वर्षे मुख्यतः याच प्रश्नाभोवती फिरत आले आहे. घटात विद्युत साठवणे तुलनेने लवकर जमले. तो भरला हे ओळखणे अवघड होते, आणि ज्या ज्या वेळी घटाची रचना बदलली त्या त्या वेळी ओळखण्याची जुनी खूण हातातून निसटली. बाजारात चार्जर निवडताना आपण याच गोष्टीची निवड करत असतो, म्हणून ही कहाणी मुळापासून पाहू.

इटलीच्या व्होल्टाने आपल्या घटमालेची माहिती १८०० साली लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवली. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये गोतेरो याच्या ध्यानात एक गंमत आली. मिठाच्या पाण्यात प्लॅटिनमच्या दोन तारा बुडवून त्यांतून काही वेळ प्रवाह सोडला आणि मग घटमाला काढून घेतली, तरी त्या तारांमधून क्षणभर उलट्या दिशेने प्रवाह वाहतो. जर्मनीत रिटरने १८०३ च्या सुमारास तांब्याच्या चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे एकावर एक रचले. सगळ्या चकत्या एकाच धातूच्या असल्यामुळे या रचनेतून स्वतःहून काहीच विद्युत मिळत नव्हती. व्होल्टाच्या घटमालेने ‘भारल्यावर’ मात्र ती थोडा वेळ विद्युत देई. दुय्यम घटाची ही पहिली पायरी. पण साठा इतका अल्प होता, की याचा उपयोग काय, हे कुणालाच सुचले नाही.

पन्नासेक वर्षे अशीच गेली. १८५९ मध्ये गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने वेगवेगळ्या धातूंचे पत्रे घेऊन हाच प्रयोग चिकाटीने केला. तांबे, चांदी, कथील, सोने, प्लॅटिनम, ॲल्युमिनियम आणि शिसे यांत शिशाने बाजी मारली. प्लाँतेने शिशाचे दोन पातळ पत्रे, एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये पट्ट्या ठेवून, चटईसारखे गुंडाळले आणि विरल गंधकाम्लात उभे केले. १८६० मध्ये अशा नऊ घटांची माला त्याने फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे सादर केली. मोटारीच्या, स्कूटरच्या आणि घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या याच कुळातल्या आहेत.

प्लाँतेचा चार्जर कोणता होता? दुसरे घट! त्या काळी भिंतीतले बटण नव्हते आणि कामाचा डायनॅमोही नव्हता. बुन्सेनच्या घटांतले जस्त खर्च करून प्लाँते आपले घट भरत असे. शिवाय नवे पत्रे तयार होण्यासाठी ते भरायचे, रिकामे करायचे, उलट्या दिशेने भरायचे, असे चक्र कित्येक आठवडे चालवावे लागे. एक घट भरायला दुसरा घट रिकामा करायचा, हा व्यवहार घरगुती हिशेबात आतबट्ट्याचाच. त्यामुळे वीस वर्षे हा शोध प्रयोगशाळेतच राहिला. त्याला बाहेर आणले ते डायनॅमोने. १८६७ च्या सुमारास सीमेन्स, व्हीटस्टन आणि व्हार्ली यांनी स्वतंत्रपणे त्याचे तत्त्व मांडले आणि १८७१ मध्ये ग्रामने कामाचे यंत्र उभे केले. पाठोपाठ कामिय फोर याने १८८१ पर्यंत शिशाच्या पत्र्यावर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देण्याची युक्ती काढली. आठवड्यांचे काम दिवसांवर आले.

त्याच १८८१ साली फोरच्या घटांची एक पेटी पॅरिसमध्ये भरून ग्लासगोला विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांच्याकडे पाठवण्यात आली. तीन दिवसांचा प्रवास करून आलेल्या त्या पेटीत सुमारे दहा लाख फूट-पौंड ऊर्जा होती. ‘डब्यात भरलेली वीज’ म्हणून वर्तमानपत्रांतून तिचा गाजावाजा झाला. आज आपण हिशेब केला तर दहा लाख फूट-पौंड म्हणजे साधारण १३ लाख ५६ हजार ज्यूल, अर्थात ३७७ वॅट-तास. आपल्या वीजबिलातले एक युनिट हजार वॅट-तासांचे असते, म्हणजे त्या पेटीत एका युनिटाच्या सहा आणे भागाहून थोडी जास्त वीज होती. तेवढी उष्णता ४५ ग्रॅम चांगल्या दगडी कोळशातूनही मिळते. विद्यार्थ्यांना हा हिशेब फळ्यावर करायला लावावा. घट ही ऊर्जा साठवण्याची किती महागडी जागा आहे, हे त्यातून जितके कळते तितके व्याख्यानाने कळत नाही.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. शिशाचा घट भरला हे कसे कळे? सुदैवाने हा घट बोलका आहे. तो रिकामा होताना दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते आणि त्यासाठी लागणारे आम्ल द्रवातून खर्च होते. द्रवाचे विशिष्ट गुरुत्व १.२८ च्या आसपास असते ते १.१५ किंवा त्याहून खाली येते. भरताना हेच उलट घडते. म्हणजे झाकण उघडून हायड्रोमीटर बुडवला की घटाची प्रकृती समजली. पूर्ण भरल्यावर पट्ट्यांवर बदलायला काही उरत नाही, मग येणारा प्रवाह पाण्याचेच अपघटन करू लागतो आणि हायड्रोजन-ऑक्सिजनचे बुडबुडे जोराने येतात. तालुक्याच्या गावी बॅटरी चार्जिंगच्या दुकानात ओळीने मांडलेल्या बॅटऱ्यांच्या बुचांतून येणारा तो आंबूस, घसा खवखवणारा वास अनेकांना आठवत असेल. हायड्रोमीटरचा रबरी फुगा दाबून द्रव वर ओढणारा आणि तरंगत्या दांडीवर नजर टाकून ‘झाली’ असे सांगणारा तो कारागीर, हाच खरा चार्जरचा मेंदू होता. लाकडी खोक्यातले रोहित्र हे नुसते हात!

घरोघरी घट भरण्याची पाळी आली ती मोटार आणि रेडिओमुळे. १९०० च्या आसपास अमेरिकेत विजेवर चालणाऱ्या मोटारी बऱ्याच होत्या. ज्यांच्या घरी दिष्ट धारा येई त्यांचे काम सोपे होते. घटमालेच्या एकसरीत विजेचे दिवे जोडायचे, दिव्यांनी प्रवाह आवरून धरायचा. पण प्रत्यावर्ती धारेचा प्रसार होऊ लागला आणि नवा प्रश्न आला. सेकंदाला पन्नास-साठ वेळा मागेपुढे होणारा प्रवाह घट भरणार कसा? जितके भरेल तितकेच उपसले जाईल. प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देणारे दार हवे होते. १९०२ मध्ये पीटर कूपर ह्युइटने पाऱ्याच्या वाफेचा एकदिशकारक बनवला. काचेच्या मोठ्या फुग्यात निळसर प्रकाश नाचत असे. श्रीमंतांच्या मोटारखान्यांतून तो बसला. १९१६ च्या सुमारास ‘टंगार’ नावाचा छोटा, स्वस्त दिवा आला. टंगस्टनचा तंतू आणि आरगॉन वायू यांची आद्याक्षरे जोडून ते नाव केलेले. १९२० च्या दशकात रेडिओच्या नळ्यांचे तंतू तापवण्यासाठी सहा व्होल्टची शिशाची बॅटरी लागे. ती घरीच भरण्यासाठी हे टंगार अमेरिकेत खूप खपले. पुढे कॉपर ऑक्साइड, सेलेनियम आणि शेवटी सिलिकॉन डायोड आला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत चिमटीत मावणारा जो काळा डायोड अगदी किरकोळ पैशांत मिळतो, तो त्या निळ्या फुग्याचा नातू.

दिशेचा प्रश्न सुटला. भरल्याची खूण मात्र पुढच्या घटाने हिरावून घेतली.

स्वीडनच्या वाल्देमार युंग्नर याने १८९९ मध्ये निकेल-कॅडमियम घट तयार केला. दोनच वर्षांनी एडिसनने निकेल-लोखंड घटाचे एकस्व मागितले. या दोन्ही घटांत आम्लाऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइड असते. गंमत अशी, की हे अल्कली घटाच्या अभिक्रियेत खर्चच होत नाही. ते केवळ आयनांची ने-आण करते. त्यामुळे घट भरलेला असो वा रिकामा, द्रवाची घनता जवळपास तीच. हायड्रोमीटर मुका झाला! एडिसनचे घट वापरणारे मोटारवाले मग किती प्रवाह गेला आणि किती आला याचा जमाखर्च ठेवणारे अँपिअर-तास मापक बसवून घेत. बुडबुडे तेवढे दिसत. पण दुसऱ्या महायुद्धानंतर तीही खूण गेली, कारण घटाचे तोंडच बंद झाले.

हा भाग जरा सावकाश समजून घ्यावा, कारण आमच्या प्रयोगशाळेतल्या गरम सेलांचे उत्तर यात आहे. निकेल-कॅडमियम घट हवाबंद केला आणि गरजेपेक्षा जास्त भरला, तर आत वायू साचून तो फुटणार. १९४७ मध्ये नॉयमान याने यातून वाट काढली. कॅडमियमच्या बाजूची क्षमता मुद्दाम जास्त ठेवायची. मग भरताना निकेलची बाजू आधी तुडुंब होते आणि तिथे ऑक्सिजन सुटू लागतो. कॅडमियमची बाजू अजून भरायची असल्यामुळे तिथे हायड्रोजन निघत नाही. सुटलेला ऑक्सिजन मधल्या सच्छिद्र पडद्यातून कॅडमियमकडे जातो आणि तिथे पुन्हा हायड्रॉक्साइड आयनांत रूपांतरित होतो. एका बाजूला जे तयार होते ते दुसऱ्या बाजूला नाहीसे होते, त्यामुळे घटाच्या रसायनात निव्वळ बदल शून्य. मग येणारी विद्युत ऊर्जा जाते कुठे? सगळीच्या सगळी उष्णतेत. भरलेला हवाबंद घट म्हणजे एक छोटी शेगडीच.

ऑक्सिजन तयार होण्याचा वेग तो जिरण्याच्या वेगापेक्षा कमी असला, तर ही शेगडी मंद राहते आणि घट पुष्कळ सहन करतो. अनुभवाने ठरले, की घटाच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याइतका प्रवाह सुरक्षित. जुन्या निकेल-कॅडमियम पेन्सिल सेलची क्षमता साधारण ५०० मिलिअँपिअर-तास असे, म्हणजे प्रवाह ५० मिलिअँपिअर. दिलेली सगळी विद्युत साठत नाही म्हणून दहाऐवजी चौदा तास लावायचे. ‘रात्रभर लावून ठेवा’ या मंत्राचा उगम हा असा आहे. १९६१ मध्ये तार नसलेले ड्रिल यंत्र बाजारात आले, दाढीची यंत्रे आली, १९६२ च्या टेलस्टार उपग्रहातही हेच घट बसले. घरगुती चार्जरला मेंदू लागेनासा झाला. एक छोटे रोहित्र, एक-दोन डायोड, एक रोध आणि एक लाल दिवा. तो लाल दिवा प्रवाह वाहतो आहे एवढेच सांगतो. सेल भरला की नाही याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नसतो. याला चार्जर म्हणणे मला तरी धाडसाचे वाटते, पण वीस-पंचवीस वर्षे घराघरांत हाच होता आणि दुकानांत तो अजूनही भेटतो.

तो निभावून गेला, कारण सेलही लहान क्षमतेचे होते. पुढे सेल बदलले. हॉलंडमधील आइंडहोवन येथे फिलिप्सच्या प्रयोगशाळेत १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात समॅरियम आणि कोबाल्ट यांच्या मिश्रधातूच्या चुंबकांवर काम चालू होते. हा धातू हायड्रोजन शोषून घेतो, असे तिथे आढळले. मग लँथनम आणि निकेलचा तसाच मिश्रधातू तपासला, तर तो हायड्रोजन अक्षरशः पिऊन टाकणारा निघाला. द्रवरूप हायड्रोजनपेक्षाही दाटीने तो त्याच्या स्फटिकात बसतो. कॅडमियमच्या जागी हा धातू घातला तर? कल्पना चांगली होती, पण भरता-उपसता धातू फुगे, आकसे आणि त्याचा भुगा होई. १९८० च्या दशकात मिश्रधातूत कोबाल्टसारखी इतर मूलद्रव्ये मिसळून त्याला टिकाऊ केले आणि १९९० च्या सुमारास निकेल-मेटल हायड्राइड सेल बाजारात आले. कॅडमियम विषारी आहे हे तोवर चांगलेच ठाऊक झाले होते. जपानमध्ये तोयामा भागात खाणीच्या सांडपाण्यातील कॅडमियममुळे हाडे ठिसूळ करणारा इताई-इताई हा भयंकर रोग झाला होता आणि १९६८ मध्ये जपान सरकारने त्याला प्रदूषणजन्य रोग म्हणून मान्यता दिली होती. युरोपीय संघाने २००६ च्या निर्देशाने काही अपवाद सोडून छोट्या घटांतले कॅडमियम बंद केले. तुमच्या शाळेत जुने निकेल-कॅडमियम सेल पडून असतील तर ते कचऱ्याच्या टोपलीत टाकू नयेत, फोडून दाखवू तर मुळीच नये.

नव्या सेलची क्षमता १३०० झाली, मग २००० आणि त्याहून पुढे गेली. जुना ५० मिलिअँपिअरचा चार्जर तोच. आता २००० मिलिअँपिअर-तासांचा सेल त्यात भरायला किती वेळ? २००० ला १.४ ने गुणून ५० ने भागा. छप्पन्न तास! ‘रात्रभर’ लावून सेल जेमतेम पाव भरतो आणि आपण सेलला नावे ठेवतो. उलटही होते. १५० मिलिअँपिअरच्या चार्जरमध्ये जुना ५०० चा सेल पावणेपाच तासांत भरतो आणि उरलेली रात्र शेगडी होऊन काढतो. सेल आणि चार्जर यांची जोडी जमवावी लागते ती यासाठी.

प्रवाह वाढवून घट तास-दोन तासांत भरायचा असेल, तर तो भरताक्षणी थांबलेच पाहिजे. पण हवाबंद, मुक्या घटाची खूण कोणती घ्यायची? शिशाच्या घटाला ठरावीक व्होल्टता लावली की तो भरत जाईल तसा प्रवाह आपोआप मंदावतो. निकेलच्या घटांना हे चालत नाही. ते तापले की त्यांची व्होल्टता कमी होते, मग ठरावीक व्होल्टतेला ते अधिकच प्रवाह ओढतात, आणखी तापतात, आणि हे चक्र थांबत नाही. पण याच दुर्गुणातून युक्ती निघाली. प्रवाह कायम ठेवून व्होल्टतेवर लक्ष ठेवले तर ती हळूहळू चढत जाते, घट भरल्यावर तो तापू लागतो आणि व्होल्टता किंचित उतरते. आलेखात छोटासा डोंगरमाथा दिसतो. माथा ओलांडला की बंद करायचे! निकेल-कॅडमियममध्ये हा उतार एका घटाला दहा-वीस मिलिव्होल्ट असतो. १९८० च्या दशकाअखेरपासून हे काम करणाऱ्या चिप मिळू लागल्या आणि चार्जरला पुन्हा एकदा मेंदू आला.

मेटल हायड्राइडमध्ये हा उतार फारच थोडा, पाच मिलिव्होल्ट किंवा त्याहूनही कमी असतो. प्रवाह कमी असला तर तो दिसतही नाही. म्हणजे असा चार्जर फार सावकाश चालला तर त्याला माथा सापडत नाही आणि तो भरतच राहतो. सावकाश भरलेले नेहमीच चांगले, हा समज इथे खोटा ठरतो. म्हणून चांगले चार्जर व्होल्टतेबरोबर तापमानही पाहतात, आणि दोन्ही चुकले तर ठरावीक वेळाने बंद होणारे घड्याळही त्यांत असते.

मग बाजारात नेमके काय पाहायचे? माझ्या मते पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक सेलसाठी वेगळा दिवा आहे का. चार खाचा आणि दोनच दिवे असतील, तर सेल जोडीने, एकसरीत भरले जातात. एक सेल अर्धा भरलेला आणि दुसरा रिकामा असला, तर पहिला उतू जातो किंवा दुसरा उपाशी राहतो. अशा चार्जरमध्ये एकटा सेल घातला तर दिवाही लागत नाही, ही त्याची सोपी ओळख. मग वेष्टनावरचा प्रवाह वाचावा. २००० च्या सेलसाठी प्रत्येक खाचेला ५०० ते १००० मिलिअँपिअर ठीक. पंधरा मिनिटांत भरणाऱ्या चार्जरची जाहिरात आकर्षक वाटते, पण शाळेच्या कामाला इतकी घाई नसते आणि सेल फार तापतात. भरल्यावर आपोआप बंद होतो, असे स्पष्ट लिहिलेले हवे. नुसते घड्याळावर बंद होणारे चार्जर मधल्या पायरीचे. अर्ध्या भरलेल्या सेलला ते पुरा वेळ देतात. नुसता लाल दिवा असलेला चार्जर फुकट मिळाला तरी दाराच्या आत घेऊ नये, असे मी म्हणेन. नागपूर-चंद्रपूरच्या शिक्षकांनी मे महिन्यात भर दुपारी सेल भरू नयेत. चाळीस-पंचेचाळीस अंशांत निकेलचे घट नीट भरत नाहीत आणि तापमान पाहणारा चार्जर भरण्याआधीच थांबू शकतो. पहाटे लावावेत.

सेलही पारखून घ्यावेत. जुने मेटल हायड्राइड सेल नुसते ठेवले तरी महिन्याभरात त्यांतली बरीच विद्युत गळून जाई. २००५ मध्ये सान्यो कंपनीने ही गळती पुष्कळ कमी केलेले सेल आणले आणि मग इतरांनीही आणले. वेष्टनावर ‘भरलेले, लगेच वापरा’ अशा अर्थाचे शब्द असतात. वर्षातून चार वेळा प्रयोग करणाऱ्या शाळेला हेच उपयोगी. भिंतीवरच्या घड्याळाला मात्र साधा कोरडा घटच बरा. तो दीड-दोन वर्षे थेंब-थेंब प्रवाह देतो आणि त्याला भरण्याची कटकट नाही. पण तो साधा घट किंवा अल्कलाइन घट चार्जरमध्ये कधीही घालू नये. तो पाझरतो, कधी फुटतो. भरण्यापूर्वी सेल पूर्ण रिकामा करावा, हा जुना सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळातला. मेटल हायड्राइडला त्याची गरज नाही.

खर्चाचा हिशेब विद्यार्थ्यांवर सोपवता येईल. २००० मिलिअँपिअर-तास गुणिले १.२ व्होल्ट म्हणजे २.४ वॅट-तास. घटातला आणि चार्जरमधला तोटा धरून भिंतीतून पाच वॅट-तास घेतले, तर एका युनिटात दोनशे सेल भरतील. थॉमसनच्या पेटीइतकी ऊर्जा साठवायला असे सुमारे १५७ सेल लागतात.

मुले नेमके मोबाइलबद्दल विचारतील. सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणलेल्या लिथियम-आयन घटात तो ऑक्सिजनचा फेरा नाही, म्हणजे जास्तीची विद्युत उष्णतेत मुकाट जिरवण्याची सोयच नाही. साधारणपणे ४.२ व्होल्टपाशी त्याला अचूक थांबवावेच लागते. त्यामुळे भरण्याचा मेंदू फोनच्या आत बसवलेला असतो. आपण भिंतीला लावतो आणि ज्याला चार्जर म्हणतो, तो निव्वळ दिष्ट धारेचा पुरवठा. पेन्सिल सेलच्याच आकाराचे ३.७ व्होल्टचे लिथियम सेलही मिळतात. ते निकेलच्या चार्जरमध्ये घातले तर आग लागू शकते. आकार सारखा दिसला तरी वेष्टनावरची व्होल्टता वाचल्याशिवाय सेल खाचेत घालू देऊ नये.

आमचा तो जुना चार्जर आम्ही प्लग काढून, उघडून दाखवला. रोहित्र, दोन डायोड, रोध आणि दिवा. मुलांनी तो पुठ्ठ्यावर चिकटवून नावे घातली. नवा, चार दिव्यांचा, ५०० मिलिअँपिअरचा चार्जर आणल्यावर प्रश्न विचारणाऱ्या मुलीने मैत्रिणीला घेऊन एक दिवस बैठक मारली. सेलला तापमापी चिकटपट्टीने बांधली, मल्टिमीटरच्या सुया दोन टोकांना लावल्या आणि दर दहा मिनिटांनी दोन आकडे लिहिले. साडेअकरा ते तीनपर्यंत व्होल्टता रेंगाळत चढत होती. दोघी कंटाळून गेल्या. साडेतीननंतर तापमान झपाट्याने वाढू लागले, तेव्हा त्यांनी दर मिनिटाला नोंद सुरू केली. व्होल्टता १.४८२ वर थबकली, मग १.४८०, १.४७८, आणि चार वाजायच्या आत दिवा हिरवा झाला. आलेखावर त्या जागी पेन्सिलीने बाण काढून तिने लिहिले आहे, ‘इथे कळले.’